चितळाची भीती

मोनालीनं रियांशला बांधावर गोणपाटावर बसवलं, त्याच्या हातात काकडीचा तुकडा दिला आणि ती कांद्याच्या वाफ्यात खुरपायला वाकली. पोराच्या पाठीमागं चार हातांवर ऊस उभा होता.

तिचा नवरा अनिकेत पाण्याची मोटर तशीच चालू सोडून धावत आला. त्यानं पोराला उचललं.

"अगं, इथं? याच बांधावर?"

"सावली आहे इथं," ती म्हणाली. "तुम्ही धापा कशाला टाकताय?"

दिवाळीनंतर याच बांधावरून बिबट्यानं त्यांच्या थोरलीला, ओवीला, उसात ओढून नेलं होतं. त्यानंतर मोनाली पान हललं तरी किंचाळायची. एकदा शेजारणींनी तिला विहिरीच्या काठावरून मागं ओढलं. मग गावात भीती शमवणारं शमन-पथक आलं आणि तिच्या कानामागं नखाएवढी चकती बसली. आता ती जेवायची, झोपायची. ओवीचं सगळं तिला आठवायचं, त्या दिवशीच्या फ्रॉकचा रंगसुद्धा ती सांगायची. सांगताना आवाज मात्र जराही हलत नसे.

पोराला कडेवर घेऊन अनिकेत तडक अंगणवाडीत गेला. मोनालीही खुरपं टाकून मागोमाग आली. पथकाच्या डॉक्टर शबाना तांबोळी तिथं बसत.

"वाघ मागं लागला की चितळाचं काळीज फुटायची वेळ येते," त्या म्हणाल्या. "पण वाघ हुकला की थोड्या वेळात ते पुन्हा चरायला लागतं. माणसाला ते जमत नाही. आपल्या मेंदूत बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो, आणि ती वर्षानुवर्षं वाजत राहते. चकती ती लगेच थांबवते, चितळाची थांबते तशी."

"म्हणून तिनं पोराला उसाजवळ बसवलं, मॅडम."

"चितळं कळपानं राहतात. बाकीची चरतात तेव्हा एखादं मान वर करून पहारा देत उभं असतं. ते दमलं की दुसरं. पोरावरही तशीच बाकीच्यांनी नजर ठेवायची."

"मग हिची चकती काढा."

"काढली, तर ती पुन्हा विहिरीकडे जाणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही." शबानाबाईंनी दुसरी चकती डबीतून काढली. "ही तुमची. परवा बिबट्या समजून तुम्ही कुत्र्यावर कोयता फेकलात. मोनालीच्या पायाजवळ पडला म्हणे. असं रात्र रात्र किती दिवस जागणार?"

"घ्या की बसवून," दारातून मोनाली हसत म्हणाली. "मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही."

अनिकेतचे डोळे चुरचुरत होते. एक रात्र सलग झोप मिळाली असती, तर त्यानं काहीही दिलं असतं. तो खुर्चीवर बसला. त्याच्या कानामागं कापूस फिरवायला शबानाबाई वाकल्या, तशी त्यांची डोक्यावरची ओढणी खांद्यावर घसरली. त्यांच्याही कानामागं चकती होती.

"पथकात सगळ्यांनाच आहे," त्याची नजर पाहून त्या शांतपणे म्हणाल्या. "रोज असल्या हकिकती ऐकायच्या म्हणजे."

अनिकेतनं रियांशला छातीशी घट्ट धरलं.

"मॅडम," त्यानं विचारलं, "मीही ही लावली, तर याच्यासाठी घाबरायला कोण उरेल?"