न मागितलेली मशरूम

त्या दुपारच्या जेवणातून धाकटीच्या पदरात पडणार होता तो एक तळमजला. त्याच्याबरोबर नवराही येणार होता, पण हिशेबात तो वरकडच. स्थळ म्हणून आलेल्या विमा कंपनीतल्या गृहस्थांचं घर रस्त्याला लागून होतं, दाराबाहेर झाडाखाली बाक होता. आणि धाकटीचे बाबा लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, दोन्ही गुडघे गमावून खिडकीशी बसलेले. लग्न जुळलं तर बाबा तिच्याबरोबर राहायला जातील, हे ताईने परस्पर बोलून ठेवलं होतं. ताईचाही फायदा होताच. चार जिने चढायचा कंटाळा येतो म्हणून ती बाबांकडे फिरकत नसे, आणि ते तिच्या मनाला टोचत असे. ते टोचणं एकदाचं थांबणार होतं. विमावाल्यांना घरात गरम जेवण आणि ऐकणारं माणूस मिळणार होतं. सगळ्यांचं काही ना काही साधत होतं, म्हणून तर जेवण ठरलं.

जागा विमावाल्यांनी निवडली, आणि ती का, ते आत शिरताच कळलं. गावोगावी एकाच नमुन्याच्या लाल दिव्यांची शाखा असणारी ती उपाहारगृहं असतात ना, त्यातलं एक. आपण कच्च्या भाज्या, नूडल्स, टोफू, हवा तो सॉस वाडग्यात भरायचा आणि तव्यापाशी नेऊन द्यायचा. वाडगा एकदाच भरायचा, दर एकच, मग तो कितीही उंच भरा. विमावाल्यांनी कोबीच्या पानांची कडेने भिंत उभारली, आत गाजराच्या काड्यांचा आधार दिला आणि वर नूडल्सचा असा मनोरा चढवला की मागचे लोक जेवण विसरून बघायला लागले. नुकसान टाळणं हा आपला धंदाच आहे, असं त्यांनी तिला हळूच सांगितलं.

हावरट दिसू नये म्हणून धाकटीने मूठभर नूडल्स आणि चार पानं घेतली.

तवा बैलगाडीच्या चाकाएवढा, गोल, वाफाळता. पलीकडे दोन लांब काठ्या घेऊन उभा असलेला तवेवाला वाडग्यातून वर बघत म्हणाला, "एवढंच? तव्यावर हरवेल हे."

"हरवलं तर शोधा," ती म्हणाली, आणि आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

त्याने शोधलं असावं. कारण टेबलावर आलेल्या ताटलीत मशरूम होती, लोण्यासारखी मऊ, आल्या-लसणात घोळलेली. तिने तर मशरूमला हातही लावला नव्हता. समोर विमावाले हप्त्यांविषयी सांगत होते. ती हूं हूं करत एकेक मशरूम शोधून खात होती. बाहेर आभाळ सकाळपासून राखेसारखं होतं. काचेवर वाफ धरली होती आणि त्या वाफेतून रस्ता, माणसं, सगळं पुसल्यासारखं दिसत होतं.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि बुधवारी तिला दुपारनंतर सुट्टी असे. पुढच्या बुधवारी ती एकटीच आली. जाब विचारायला आले, असं तिने स्वतःला सांगितलं.

"मागच्या वेळी माझ्या ताटात मशरूम निघाली."

"शेजारच्या मनोऱ्यातून घरंगळली असतील," तो तव्यावरून नजर न उचलता म्हणाला. "आमचा नियम आहे. वाडग्यात नाही ते तव्यावर टाकायचं नाही."

त्या दिवशी शेजारी कुणाचाच मनोरा नव्हता. ताटात मशरूम होतीच.

मग बुधवार ठरूनच गेला. दुपारी गर्दी ओसरलेली असे. ती वाडगा पुढे करी आणि तो त्यात डोकावून भविष्य सांगितल्यासारखं बोले. आज मिरची जास्त, म्हणजे ताई येऊन गेली. आज सगळं बारीक बारीक, म्हणजे कुणाशी बोलायची इच्छा नाही. ती म्हणे, एवढी विद्या असून तव्यापाशी का उभे? तो म्हणे, दुसरीकडे लोक आपलं मन असं चिरून, वाडग्यात घालून आणून देत नाहीत. कामावरच्या प्रत्येकाला पाळीत एक वाडगा जेवण मिळे, आणि त्याचा तव्याच्या कडेला झाकून ठेवलेला असे. एकदा झाकण सरकलं तर तो अर्धाच दिसला. वजन उतरवताय का, असं तिने छेडलं. बुधवारी भूक कमी लागते, एवढंच तो म्हणाला.

त्याचा चष्मा वाफेने धुरकटे आणि सारखा नाकावरून घसरे. तो खांद्याने तो वर ढकलायचा प्रयत्न करी, कारण दोन्ही हात काठ्यांत गुंतलेले. एके दिवशी तिला राहवलं नाही. तिने हात लांब केला, चष्मा त्याच्या चेहऱ्यावरून अलगद उतरवला, पर्समधल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने काडी आवळली, पदराने काचा पुसल्या आणि परत बसवला. कानामागे तिची बोटं क्षणभर जास्तच थांबली... तव्यावर कुणाच्या तरी नूडल्स करपल्या. त्या कुणाच्या, हे विचारायची हिंमत रांगेतल्या कुणाला झाली नाही.

इकडे ताईने घाई लावली होती. विमावाल्यांना रविवारपर्यंत उत्तर हवं, ते काही जन्मभर थांबणार नाहीत. आणि बाबा... "अगं, बाबा दिवसभर खिडकीतून खाली बघत असतात. जीव तुटतो बघून." ताईचा जीव महिन्यातून एकदा, फोनवरच तुटायचा, पण वाक्य धाकटीच्या मनात रुतून बसलं.

त्या बुधवारी तिने वाडगा पुढे केला तेव्हा तवेवाल्याने त्यात पाहिलंच नाही. दूरच्या शहरात नवी शाखा उघडतेय, तिथं मुख्य म्हणून बोलावलंय, असं त्याने सांगितलं. त्यालाही उत्तर रविवारपर्यंतच द्यायचं होतं.

"मग जाणार?"

"तुम्ही सांगा."

"मी काय सांगणार? तुमची नोकरी."

त्याने काठ्या खाली ठेवल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला त्याचे रिकामे हात दिसले. "माझा नियम तुम्हाला माहीत आहे. वाडग्यात नाही ते मी तव्यावर टाकत नाही."

"खोटं," ती हसली. "आणि मशरूम?"

"तेवढी चूक केली मी." तो हसला नाही. "त्याच्यापुढचं तुम्हीच घालायला हवं."

ओठांवर आलं होतं... पण डोळ्यांपुढे खिडकी आली, खिडकीशी बाबा आले, दाराबाहेरचा बाक आला. तिने मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडल्या, आणि अशा वेळी बेरीज नेहमी दुसऱ्यांच्याच बाजूने निघते.

"जा," ती म्हणाली. "मोठा तवा मिळेल."

त्याने मान हलवली आणि काठ्या उचलल्या. त्या दिवशीही ताटात मशरूम होती. तिने ती खाल्ली नाहीत, कडेला सारून ठेवली.

रविवारी ताई चार जिने चढून आली आणि धापा टाकत तळमजल्याचं गुणगान सुरू केलं. बाबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, हे सगळं कुणासाठी चाललंय?

"तुमच्यासाठीच की, बाबा. दिवसभर खाली बघत बसता..."

"खाली बघतो कारण वरून सगळं दिसतं. कोण कुणाशी बोलत नाही, कोणाची छत्री कोण घेऊन गेलं. तळमजल्यावर बसून मी काय लोकांचे बूट बघू?" ते धाकटीकडे वळले. "पोरी, मला विचारलंस का एकदा तरी?"

नव्हतं विचारलं. ताईचं विचारून झालं होतं, विमावाल्यांचं झालं होतं. ज्याच्या गुडघ्यांवर सगळा डोलारा उभा होता, त्या माणसालाच कुणी विचारलं नव्हतं.

"बुधवारी येतेस तेव्हा जिन्यात गुणगुणत येतेस," बाबा म्हणाले. "या बुधवारी आली नाहीस तशी. तेवढं मला इथूनही ऐकू येतं."

तिने विमावाल्यांना नकार कळवला आणि पावसात भिजत, धावत तव्यापाशी पोचली. तिथं त्या दिवसाची पाळी संपली होती, आणि तवेवाल्याचा होकार सकाळीच गेला होता. त्याचा नंबर तिच्याकडे नव्हता. बुधवार असताना नंबर लागतो कशाला?

तरी ती बुधवारी आलीच. तव्यामागे एक ठसठशीत बाई उभ्या होत्या. तिने नेहमीसारखाच वाडगा दिला, आणि ताट आलं ते वाडग्यात होतं तेवढंच. एक काडी कमी नाही, एक जास्त नाही. तव्याच्या कडेला बाईंचा जेवणाचा वाडगा ठेवला होता. काठोकाठ भरलेला, वर मशरूमचा ढीग.

धाकटी त्या भरल्या वाडग्याकडे बघत राहिली. मग तिला तो दुसरा, झाकणाखालचा अर्धा वाडगा आठवला... बुधवारी कमी लागणारी भूक आठवली. मशरूम घरंगळून आली नव्हती. तो ती आपल्या जेवणातून काढून तिच्या ताटात घालत होता.

"काही कमी पडलं का?" बाईंनी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. मग थांबून, शब्द जुळवत विचारलं, आधीच्या तवेवाल्यांना निरोप पोचवता येईल का?

"येईल की. काय सांगू?"

"सांगा... चष्म्याची काडी सैल झाली असेल आता. तिथं कुणाकडून आवळून घेऊ नका म्हणावं. इथंच या."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "फार लांब आहे हो ते. एका स्क्रूसाठी कोण येईल?"

"सांगून तर बघा."

एकूण हिशेब असा झाला. विमावाल्यांचं काहीच बुडालं नाही. ताईचे जिने कायम राहिले, बाबांची खिडकीही. तवेवाल्याने इतके बुधवार अर्ध्या पोटाने काढले आणि त्याची वाच्यता केली नाही. धाकटीला मात्र आजवर वाटत होतं की जास्तीचं सगळं फुकटच आलं. खिडकीजवळच्या टेबलावर ती एकटी बसली, वाफेने पुसलेल्या रस्त्याकडे पाहत, आणि मशरूम नसलेलं ते ताट तिने शेवटच्या घासापर्यंत संपवलं.