एकेचाळीस रिकाम्या फायली

गेलेल्या माणसाची स्वरकुपी तेराव्या दिवसाच्या आत मोकळी करायची आणि कुणाला तरी देऊन टाकायची, अशी आता रीतच पडली होती. पूर्वी कपडे देत, तशी. कुपी म्हणजे चिंचोक्याएवढा गाण्यांचा डबा. कानामागे चिकटवला की आयुष्यभराचं गाणं माणसाबरोबर चालत राही.

हेमांगीनं वडिलांची, दिगंबर आठल्यांची, कुपी बाराव्या दिवशी दुपारी उघडली. तिला एकच ध्वनिमुद्रण स्वतःसाठी ठेवायचं होतं. आई तांदूळ निवडताना गुणगुणत असे, ते. आई गेली तेव्हा हेमांगी चार वर्षांची होती, आणि आईचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे. तिनं आकारानं क्रम लावला. तळाच्या एकेचाळीस जवळजवळ रिकाम्या होत्या. दोन-तीन स्पीकरवर लावून पाहिल्या, तर नुसती खरखर. नकोसा कचरा म्हणून तिनं त्या एका फटक्यात पुसल्या आणि उरलेल्या ऐकत बसली. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढलं. गाणी अखंड, सुरेख आणि अनोळखी होती. आई त्यांत कुठेच नव्हती.

वरच्या मजल्यावर शरयू चौबळ राहायची. आईची शाळेपासूनची मैत्रीण, श्रवणविज्ञानातली संशोधक. कुपीच्या पहिल्या आराखड्यावर तिनंच काम केलं होतं. हेमांगी कुपी घेऊन तिच्याकडे गेली.

"आकारानं लावलीस यादी?" कुपी तळहातावर घेत शरयूमावशी म्हणाली. "हेमे, घरभर पुस्तकं वाचून काढलीस, कुपीबरोबरचा चतकोर कागद तेवढा वाचला नाहीस!"

"रिकाम्याच होत्या गं त्या."

"रिकाम्या नव्हे. झिजलेल्या."

मग तिनं समजावून सांगितलं. परक्याला हकीकत सांगायची तर पहिल्यापासून सांगावी लागते. घरच्या माणसाला 'अगं, तो परवाचा' एवढं पुरतं. कुपी तेच करते. ऐकणाऱ्याच्या मेंदूला गाण्याचा जो भाग पाठ झाला, तो ती स्वतःतून काढून टाकते. त्या जागी श्रवणाच्या नसेला हलकासा स्पर्श तेवढा करते. बाकीचं मेंदूच भरून काढतो. याला स्मृतिसंकोच म्हणतात. त्यामुळेच तर एवढ्याशा चिंचोक्यात आयुष्य मावतं. शेकडो वेळा ऐकलेलं गाणं कुपीत नावापुरतं उरतं. अखंड राहतं, ते कधीच न ऐकलेलं.

"म्हणजे बाबांनी ढुंकूनही न पाहिलेलं मी जपून ठेवलं."

"पुसलेल्या परत आणते मी, त्याची काळजी करू नकोस. पण दिगूच्या डोक्यात जे होतं…" मावशीनं तळहाताएवढा पडदा पुढ्यात ओढला.

फायली परत आल्या. त्यातली सगळ्यांत लहान हेमांगीनं निवडली. तीच असणार, याबद्दल तिला आता शंका उरली नव्हती.

"तुझं डोकं ती भरून काढेल," मावशी म्हणाली. "काय भरेल, ते मला सांगता यायचं नाही."

हेमांगीनं कुपी कानामागे लावली आणि डोळे मिटले. सुपात तांदूळ सरसरले. गाण्याआधी एका बाईनं श्वास घेतला. मग चाल सुरू झाली, ती बाबांच्या आवाजात. वरचा सूर हुकवत, हेमांगीची वेणी घालताना ते गुणगुणत, तशी. हे गाणं तिनं आयुष्यभर त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

"आईचा नुसता श्वास आहे गं."

"तेवढाच उरलाय. आणि कुपी आता तुला ओळखायला लागली. आणखी काही वेळा ऐकलंस, तर तोही काढून टाकेल. तुला पाठ झाला म्हणून."

"दुसरीकडे उतरवून ठेवू?"

"कानाबाहेर ती खरखरच आहे. ऐकलीस ना मघाशी? जपायचं असेल तर ऐकायचं नाही, एवढाच उपाय."

"बाबांना माहीत होतं हे?"

"चांगलं बजावलं होतं मी. तर म्हणतो कसा, 'शरू, जेवणाचा डबा काय बघत बसायला भरतात?'"

हेमांगीला हसू आलं. कुपी काढण्यासाठी तिनं कानामागे हात नेला, तो तिथेच राहिला. मग तिनं पुन्हा ऐकलं. पुन्हा एकदा. तांदूळ, श्वास, बाबा. किती वेळा, ते तिनं मोजलं नाही. समोर मावशी पडद्यावर फाईलचा आकार पाहत होती.

"आत्ता तर किती स्पष्ट आला श्वास," डोळे न उघडता हेमांगी म्हणाली. "मघापेक्षाही जवळून. दिसतोय ना तुला तिथं?"

तिनं डोळे उघडले, तेव्हा मावशीनं पडदा पालथा घालून ठेवला होता.