चार हजार निर्दोष उत्तरं

पाषाणच्या भाषायंत्र प्रयोगशाळेत त्या सकाळी पडद्यावर दोनच वाक्यं होती. पहिलं रायगड जिल्ह्यातल्या एका शाळामास्तरांचं: 'इस्रायल सरकार त्या वस्त्यांचं पाणी अडवतंय, हा अन्याय आहे.' दुसरं कुणा टोपणनावाचं: 'ही जमात जाईल तिथे असंच होतं.' मजकूर गाळणाऱ्या जुन्या यंत्र-चाळणीने पहिलं वाक्य ज्यूद्वेष ठरवून पुसलं होतं. दुसऱ्यात 'इस्रायल' नव्हतं, 'ज्यू' नव्हतं. ते आठवडाभर फिरत होतं आणि अकरा हजार लोकांना आवडलं होतं.

"शब्द मोजून हे कळायचं नाही," डॉ. शलोमित झिराडकर म्हणाली. ती कोकणातल्या बेने इस्रायल घराण्यातली, जन्माने ज्यू. इस्रायलच्या सरकारवर ती स्वतःही अनेकदा चिडायची.

"मग कशाने कळेल?" प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. हेमकांत पागे यांनी विचारलं.

"सर, टीका सरकारपाशी थांबते. द्वेष थांबत नाही, तो माझ्या दारापर्यंत येतो. असं काही लिहिणाऱ्या प्रत्येकाला एका ज्यू माणसाने साधा, सभ्य प्रश्न विचारायचा. उत्तरात लिहिणारा त्या माणसालाच दोषी धरतो का, एवढंच बघायचं. धरलं तर द्वेष. नाही धरलं तर टीका."

"इतके ज्यू आणणार कुठून? आहात किती तुम्ही?"

"छायामाणसं करू. यंत्राने घडवलेली. त्यांना माझी भाषा द्या, माझ्या गावाकडची नावं द्या."

"आणि निकाल चुकला तर?"

"फेरविचाराची सोयच नको. ज्याच्या हातात फेरविचार, त्याच्यावर दोन्हीकडून दबाव येणार."

'द्वेषभेदक' नावाने ही यंत्रणा सुरू झाली. शाळामास्तर नासिर हुर्जुक यांना लेआ नावाच्या छायास्त्रीने प्रश्न केला, तेव्हा त्यांनी लिहिलं, 'ताई, तुमचा काय संबंध? तुम्ही आमच्या रायगडच्या. माझं भांडण त्या सरकारशी. तुमच्यातले हनोखआजोबा आमच्या शाळेमागे राहतात, पोरांना बोरं वाटतात.' टोपणनाववाल्याने लिहिलं, 'तुम्ही सगळे एकच. पत्ता टाक तुझा.'

हनोखआजोबा म्हणजे शलोमितचे सख्खे काका. तिने मास्तरांचं उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांचे आभार मानावेत असं तिला फार वाटलं, पण नियमाप्रमाणे आभार लेआनेच मानले.

दोन वर्षांत त्याचा कायदा झाला. द्वेषाची खूण लागलेल्याची नोकरी जाई, आणि कुठल्याही ज्यू माणसाच्या जवळपास तो दिसला तर अटक होई. मग कसोटीचं गुपित फुटलं. एक वाक्य घरोघर फिरलं, कचेऱ्यांत फळ्यांवर लागलं: 'आपला इस्रायलशी संबंध नाही हे मी जाणतो. आपल्याबद्दल आदर आहे.' ज्यू नाव दिसलं की हे वाक्य टाकायचं आणि पुढे जायचं. समोर माणूस आहे की छाया, हे बघण्याचे कष्ट कोण घेणार? टोपणनाववालेही ते शिकले. देशाचा द्वेषांक शून्यावर आला. पाग्यांनी पेढे वाटले.

"लोक बदलले नाहीत, सर. त्यांचं पाठांतर झालंय."

"आपण मन मोजतच नव्हतो, शलोमित. आपण उत्तर मोजत होतो." त्यांनी पेढ्याचा खोका पुढे केला.

मार्चमध्ये एका दुपारी हनोखकाकांचा फोन आला. अंगणात चारजण शिरले होते. दगड मारत होते, 'जा तुझ्या इस्रायलला' म्हणून ओरडत होते. मागून दार धडधडत असलेलं तिला ऐकू आलं. मग फोन तुटला. पोलीस म्हणाले, गाडी निघते आहे. ठाणं गावापासून तासाभरावर, आणि शलोमित पुण्यात. तिने गावाच्या चर्चापानावर स्वतःच्या नावाने लिहिलं: 'शाळेमागच्या घरात माझे काका एकटे आहेत. पंच्याऐंशी वर्षांचे. लोक त्यांना मारताहेत. कुणी जवळ असेल तर धावा.'

उत्तरं भराभर आली. आपला इस्रायलशी संबंध नाही हे मी जाणतो. आपल्याबद्दल आदर आहे. एकाखाली एक, तेच. काहींनी पुढे हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. तासाभरात चार हजार झाली. त्यांत नासिर हुर्जुक यांचंही होतं.

पोलीस पोचले तेव्हा काका विहिरीच्या पायरीवर पालथे पडले होते. अंग गार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शलोमितला निरोप आला. 'शलोमितताई, काल मी तुम्हाला यंत्र समजलो. दोन गल्ल्यांवर होतो मी. ते पाठ केलेलं वाक्य टाकलं आणि चहा प्यायला बसलो. माझा गुन्हा मी मरेपर्यंत वाहीन. पण ती छायामाणसं तुम्ही बनवलीत, हे आज पेपरात वाचलं. आता तुमच्यासारख्या नावाने कुणी हाक मारली तर ती खरी कोण मानणार? आजोबांच्या मरणाला तुम्हीही जबाबदार आहात. नासिर.'

कालपासून कुणीतरी पहिल्यांदाच तिच्याशी बोललं होतं. तिने लिहायला घेतलं, 'हो मास्तर, खरं आहे.' ते पुरं व्हायच्या आत निरोप नाहीसा झाला. त्या जागी सूचना उमटली: 'ज्यू व्यक्तीला दोषी धरणारा मजकूर. वर्ग: द्वेष. आपल्या सुरक्षिततेसाठी काढून टाकला आहे.' चार हजार उत्तरांपुढे 'निर्दोष' होतं.

तिने पाग्यांना फोन लावला. "सर, मी ज्यू आहे म्हणून नाही, मी जे केलं त्यासाठी त्यांनी मला दोष दिला!"

"मला कळतंय गं. यंत्राला कसं कळणार? ज्यू माणसाचा खराखुरा दोष असू शकतो, हे आपण त्याला शिकवलंच नाही."

"मग खूण काढा."

"कोण काढणार? तशी सोय नाही." मग ते म्हणाले, "काकांचं वाईट वाटलं."

संध्याकाळपर्यंत मास्तरांना शाळेतून काढल्याचं पत्र निघालं.

काकांना मूठमाती देऊन शलोमित कब्रस्तानातून सरळ हुर्जुकांच्या घरी गेली. दाराला आतून कडी होती. तिने नाव सांगितलं. आत कुणीतरी दारापर्यंत आलं, पण कडी निघाली नाही.

"ताई, तुम्ही जा," मास्तरांच्या बायकोचा आवाज आला. "तुम्ही इथे उभ्या दिसलात तर ह्यांना पकडून नेतील."

"मला फक्त एवढंच सांगायचंय की ते बरोबर बोलले."

"ते ऐकताहेत आतून." आवाज आणखी खाली आला. "पण तुम्ही आधी लांब व्हा. तुमच्या पाया पडते."

शलोमित पायरी उतरली आणि भरभर चालू लागली. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी वळत होती.