तीनदा दिसणारं घर

आमच्या ह्यांना आगगाडीचं खूळ पहिल्यापासूनच. निवृत्तीनंतर त्याला मोकळं रान मिळालं, एवढंच. नोकरी नकाशे आखण्याची, त्यामुळे डोंगराळ मुलूख पाहायचा तोही घाटातल्या छोट्या गाड्यांनी. बसचं नाव काढायचं नाही. मी चष्म्याचं दुकान चालवते. मला काहीही दाखवा, चालतं. पण खिडकी मिळाली तर ना! लग्न झाल्यापासून खिडकी ह्यांची, अशी आमच्यात वाटणीच झालेली आहे.

त्या दिवशीची गाडी दोनच डब्यांची होती. लाकडी बाकं, एक पेंगणारी म्हातारी, तिकीट तपासनीस आणि आम्ही. ह्यांच्या डोक्यावर लाल कानटोपी, गळ्यात दुर्बीण आणि तोंडाचा पट्टा सुरू.

“अगं, ऐक तरी. चढ एवढा आहे, की गाडी सरळ जाऊच शकत नाही. डोंगराच्या पोटात गोल फिरत चढते, जिन्यासारखी. त्यामुळे एक घर आपल्याला तीनदा दिसणार. आधी शेजारी, मग खाली, मग आणखी खाली.”

“एवढा वळसा घालून पुन्हा तेच! तुमच्या गोष्टींसारखंच झालं की.”

हे हसले. मग घर आलं. रुळाला अगदी लागून, हिरव्या दाराचं. दाराबाहेर टेबल आणि बाक. टेबलावर किटली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. माणूस मात्र कुठेच दिसत नव्हता.

“चहा टाकून आत गेलंय कोणीतरी,” हे म्हणाले. “आता बोगद्यानंतर दारातून फोटो काढतो.” आणि उठून दाराकडे गेले.

बोगद्यात डब्यातले दिवे लागलेच नाहीत. ओल्या दगडाचा वास आत शिरला. चाकांचा आवाज इतका मोठा, की आपला श्वासही ऐकू येईना. उजेड आला तेव्हा घर खाली दिसलं. बाकावर आता एक माणूस पाठमोरा बसला होता. डोक्यावर लाल कानटोपी.

“अहो, तुमचा भाऊ बघा खाली!” मी ओरडले.

दारापाशी कोणीच नव्हतं.

मी उठणार, तोच दुसरा बोगदा लागला. अंधारात कोणीतरी शेजारी येऊन बसलं. कानटोपीला येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास ओळखीचा होता. मला हायसं वाटलं.

“अगं,” हे म्हणाले, “तू बस ना खिडकीत.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी संधी सोडली नाही. सरकून बसले. बोगदा संपला. घर आता खूप खाली, काडेपेटीएवढं दिसत होतं, आणि अंगणात एक लाल ठिपका हलत होता. मी शेजारची दुर्बीण ओढून घेतली. त्यांनी मुकाट्यानं मान वाकवून पट्टा काढू दिला.

खाली आमचे हे उभे होते. दुर्बीण डोळ्यांना लावून माझ्याकडेच बघत होते. दुसऱ्या हातानं खुणावत होते, थांब, थांब.

डोळ्यांचे सतरा खेळ मला ठाऊक आहेत. लांबचा माणूस ओळखीचा वाटणं हा त्यातलाच एक. पण ती हात हलवण्याची लकब मी रोज बघते. मला भीती वाटली.

“आपल्या लेकीला लहानपणी काय म्हणायचो आपण?” मी विचारलं.

“भोपळी. का गं?”

उत्तर बरोबर होतं. पण तो खिडकीबाहेर बघत नव्हता. पूल आला, दरी आली, त्यानं मान वळवली नाही.

वरच्या स्टेशनवर मी तपासनिसाला बाजूला घेतलं.

“त्या घरात कोण राहतं?”

“कोणी नाही. तिथं जायला वाटच नाही, बाई. गाडीही थांबत नाही.”

“आमचे हे तिथे उतरलेत.”

त्यानं बाकावर शांत बसलेल्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “दोघं आलात ना? दोघं जाताय ना? मग झालं तर,” म्हणाला आणि घाईघाईनं निघून गेला.

तीच गाडी थोड्या वेळानं खाली निघाली. मी मनाशी पक्कं केलं होतं: घर शेजारी आलं, की साखळी ओढायची. मग काय व्हायचं ते होवो. ह्यांना तिथे एकटं सोडून मी घरी जाणार नव्हते.

घर आलं. खूप खाली, आणि बाकावर लाल ठिपका.

बोगदा. पुन्हा घर. आता हे ओळखू येत होते. खांदे पाडून बसले होते.

शेवटचा बोगदा लागताच मी उठले. साखळी दाराच्या वर होती. शेजारच्यानं माझा हात धरला.

“दारात जाऊ नकोस,” तो म्हणाला. आवाज कळवळलेला होता, अगदी ह्यांचाच.

मी हात सोडवला. चाचपडत दारापाशी पोचले. साखळी हाताला लागली.

अंधार. ओला दगड. वारा तोंडावर.

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. चाकंसुद्धा.

मग उजेड.

घर हाताच्या अंतरावर होतं. हे बाकावर बसून भरभरून बोलत होते, हातवारे करत, काहीतरी समजावत. शेजारी एक बाई हसत होती. अंगावर मी घातलेलाच राखाडी स्वेटर, केसांचा अंबाडा माझाच.

माझा हात साखळीवर तसाच राहिला.

ह्यांनी मान वर केली नाही. तिनं केली. तिनं मला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती घाबरली होती. मला घाबरली होती.

मग ती ह्यांना बिलगून बसली.