तीन महिने न पाहिलेले डोळे

नवी मुलगी पहिल्याच दिवशी दारात साचेवाल्यावर आदळली आणि त्याच्या हातातल्या ट्रेमधले कृत्रिम डोळे फरशीभर घरंगळले. दोघंही गुडघ्यांवर बसून हसत हसत डोळे वेचू लागली... आणि टेबलाशी बसलेल्या चित्रकाराच्या काळजात चर्र झालं.

अपघातात, आजारपणात डोळा गमावलेल्यांसाठी या दवाखान्यात डोळे बनत. साचेवाला खोबणीचे साचे घेऊन डोळे घडवायचा, चित्रकार त्यांवर बुबुळं रंगवायची; इतकी हुबेहूब, की जन्मदात्या आईनेही फसावं. तीन वर्षं तो रोज यायचा, "काय चित्रकार, चहा झाला?" एवढंच विचारायचा आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. आपण चारचौघींसारख्या, हे ती जाणून होती. आणि ही नवी? जणू कोरून काढलेली! चित्रकाराने मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं... बाहुली.

पुढचे तीन महिने बाहुली आणि साचेवाला सारखे कुजबुजायचे. चित्रकार दिसली की एकदम गप्प! शेवटी न राहवून ती डॉक्टरबाईंकडे गेली. "पेशंटशी बोलायला इतकी देखणी मुलगी समोर बसवली, की ते आणखीच खचतात हो."

त्याच आठवड्यात एक प्राध्यापिका आल्या. काळा चष्मा काढेनात. "आरशात बघवत नाही मला," म्हणून रडू लागल्या. बाहुली उठली, हात धुऊन आली, आणि... स्वतःचा डावा डोळा काढून तिने तळहातावर ठेवला.

"माझा सातव्या वर्षी गेला. आधी मला बघा. मग आरसा."

चित्रकाराच्या हातातला ब्रश थांबला. हजारो डोळे रंगवणारी ती... तीन महिन्यांत हिच्या नजरेला नजर म्हणून दिली नव्हती! बाहुलीची पापणी आत खोल गेली होती. चेहरा एका बाजूने विझल्यासारखा. आणि तरी इतकं सुंदर काही आपण जन्मात पाहिलं नाही, असं तिला वाटलं.

संध्याकाळी ती बाहुलीसमोर जाऊन उभी राहिली. "मी तुझी चुगली केली."

"ठाऊक आहे, ताई. सोमवारपासून मागच्या खोलीत बसायचंय मला."

"रागावली नाहीस?"

"रागावले ना! शिवाय आधीपासून जळतेय तुमच्यावर." बाहुली हसली, पण ओठ किंचित थरथरले. "मला आवडला होता तो. पण तुमच्याशिवाय दुसरा विषय काढेल तर शपथ! म्हटलं, जाऊ दे... निदान त्याला धीर तरी देऊ."

चित्रकाराने बाहुलीचा हात घट्ट धरला, तशीच डॉक्टरबाईंकडे गेली आणि चूक कबूल करून सोमवारचा बेत मोडून आली. मग साचेवाल्याकडे. तो प्लास्टरने माखलेले हात धूत होता. त्यालाही तिने सगळं सांगून टाकलं.

त्याने नळ बंद केला. "वाईट केलंत."

"हो."

"पण लपवलं नाहीत..." त्याने हात पुसले, पुन्हा पुसले. "तीन महिने तिला विचारतोय, चित्रकाराला कसं विचारू? ती म्हणते, समोर उभं राहून."

"मग?"

"मग... उभा आहे."

"उभे तर आहात," ती डोळे पुसत हसली. "आता विचाराही. उत्तर केव्हाचं तयार आहे."