घरगुती अडचणीमुळे

बसा नीट. कुणाला बाहेर जायचं असेल तर आत्ताच जाऊन या, मधेच उठायचं नाय. ही बात आरोन रोहेकराने पेणेतलं घर विकून इस्रायलला जायच्या आदल्या रात्री स्वतःच्या तोंडाने सांगितलेली. आणि आरोन काय थापा मारणारा माणूस नव्हता. त्याच्याकडून दोन वाक्यं काढायची म्हणजे चहा पाजायला लागायचा.

तारीख पक्की आहे. शुक्रवार, दोन डिसेंबर, एकोणीसशे चौऱ्याण्णव. कार्तिकातली अमावास्या.

आरोन रोह्याला एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर क्लार्क होता. सतरा वर्षं पेण ते रोहा, रोज एसटीने. त्या दिवशी काम साधं होतं. खिशातला राजीनामा मॅनेजरच्या हातात द्यायचा आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्यांच्या ज्यू लोकांत शब्बाथचा, शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लागतो, तेवढ्याला घरी पोचायचं.

"आज तरी तो कागद खिशातनं परत आणू नका," बायको सारा दारात म्हणाली. आठवडाभर तो कागद रोज रोह्याला जाऊन परत येत होता. "मी शिवणकाम करीन. पण ती नोकरी सोडा. पोरं तुमच्या जवळ यायला भितात हो."

खोटं नव्हतं ते. दोन वर्षांपूर्वी टिपणीस नावाचा मॅनेजर आला आणि आरोनचा माणूस म्हणून चुराडा झाला. टिपणीस मारत नव्हता. चारचौघांत उभं करायचा. तास तास. "सतरा वर्षं काय गवत उपटलं का?" म्हणायचा, आणि बाकीच्यांना हसायला लागायचं. दर शुक्रवारी संध्याकाळी मुद्दाम साठा मोजायला बसवायचा. आरोनचे हात थरथरायला लागले. झोपेत तो "येस सर, येस सर" करायचा. सकाळी गाडी भिसे खिंडीत आली की कंडक्टर न विचारता बेल मारून गाडी थांबवायचा, हा उतरून उलटी करायचा, तोंड पुसून परत चढायचा.

पण एक गोष्ट त्याने साराला सांगितली नव्हती. आरोनच्या आधी टिपणीसाच्या तावडीत होता केरू. वरसे गावातला, गोडाऊनमध्ये ड्रम लावणारा. त्याला साहेबाने शिमग्याच्या आधी तीन रात्री सलग एकट्याला ड्रम मोजायला लावलं. तिसऱ्या रात्री केरू गुलाबी रंगाच्या ड्रमांच्या रांगेतच पडला. सकाळी सापडला तो गार झालेला. कंपनीने कागद केला की केरू दारू पिऊन ड्युटीवर आला होता. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही होती आरोनची. केरूने जन्मात दारू तोंडाला लावली नव्हती. आरोनला माहीत होतं. पण समोर टिपणीस पेन पुढे धरून उभा होता... आणि आरोनने सही केली.

असो. त्या शुक्रवारी अकरा वाजता आरोन केबिनच्या दारात गेला. साहेबाने हातानेच घालवून दिलं. चार वाजता परत गेला, तर साहेब म्हणाला, "बरं झालं आलास. गोडाऊनचे सगळे ड्रम मोज. आकडा टेबलावर ठेव, मग कुठे जायचं ते जा." आणि स्वतः जीपमध्ये बसून निघून गेला.

कागद खिशातच राहिला. पेणची शेवटची गाडीही गेली. गेटवर वॉचमन गोविंदा आणि आत आरोन, बाकी कुणी नाही.

पावणेदहाला मोजणी संपली. आरोन स्टोअरच्या टेबलाशी येऊन बसला. म्हटलं, साहेबाच्या टेबलावर राजीनामाच ठेवून जाऊ. त्याने कागद उघडला. 'घरगुती अडचणीमुळे मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे...' सगळे लिहितात तसंच.

आणि लाइट गेली.

त्याने चाचपून मेणबत्ती लावली. उजेड टेबलाच्या कडेपर्यंत. पुढे काळोख.

गोडाऊनमधून आवाज आला. टण्.

ड्रम भरलेला आहे की रिकामा, ते बघायला बोटाने ठोकतात ना, तसा.

टण्... टण्...

"गोविंदा?"

आवाज रांगेने पुढे येत होता. एकेक ड्रम. घाई नाही.

टण्.

मग थांबला. दाराशी.

आरोन उठायला गेला, तोच समोरची खुर्ची हळूच मागे ओढली गेली. कुणीतरी बसलं. दिसत काही नव्हतं. श्वास मात्र ऐकू येत होता. दमलेला श्वास.

"भाऊ..."

आवाज ओळखीचा होता.

"वाचा की..."

त्याने वाचलं. आपला आवाज आपल्यालाच परका वाटत होता, असं आरोन सांगताना म्हणाला.

"खोटा हाय."

"केरू... मला माफ कर रे. मी भ्यालो होतो. केरू..."

टेबलावर फक्त एक बोट वाजलं. टण्. लाकडावर... पण आवाज पत्र्याचा.

"लिवा."

आरोनने कोरा कागद घेतला. खाली कार्बन घातला. लिहायला लागला. टिपणीस काय बोलायचा ते. उभं कसं करायचा ते. शुक्रवार. उलट्या. केरूपाशी येऊन थांबला.

टण्.

'केरू प्यालेला नव्हता.'

पुन्हा थांबला.

टण्.

'मी खोटी सही केली.'

मेणबत्ती विझली.

लाइट आली तेव्हा बारा वाजून गेले होते. समोरची खुर्ची रिकामी. आरोनने वरचा कागद साहेबाच्या टेबलावर ठेवला, कार्बनची प्रत घडी करून खिशात घातली आणि गेटवर आला.

गोविंदा शेकोटीपाशी उभाच होता. "आरोनभाऊ, आत कुणी होता?"

"का रे?"

"बोलण्याचा आवाज येत होता."

"माझाच असेल."

गोविंदाने आगीकडे बघत मान हलवली. "एकच आवाज होता, भाऊ. तुमचा नव्हता."

रात्रभर दोघे शेकोटीत लाकडं सारत बसले.

फटफटलं तसा आरोन चालत वरसे गावाकडे निघाला. पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मनात राहायला नको. टिपणीसाला काही झालं नाही. त्याला गुजरातेत मोठी जागा मिळाली. केरूच्या बायकोने, चंद्रावतीने, तो कार्बनचा कागद घेऊन तीन वर्षं लेबर ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. नवरा दारुडा नव्हता एवढं अखेर सरकारी कागदावर आलं. आरोनला दुसरी नोकरी मिळाली नाही. तो वर्षभर हमरापूरला गणपतींच्या कारखान्यात मूर्ती घासायला जायचा. पण हाताचा थरकाप गेला. रात्री झोपायला लागला.

तर त्या सकाळी. चंद्रावती ओट्याखाली उभी होती, अंगणात सडा घालता घालता शेणाचे हात तसेच अधांतरी. आरोनने मान खाली घालून सगळं सांगितलं. कागद पुढे धरला.

"ताई, त्याने दारू घेतली नव्हती. मला ठाऊक होतं."

"मना पन ठावं व्हतं," ती म्हणाली. रागावली नाही, रडली नाही. कागदही लगेच घेतला नाही. ती ओट्याकडेच बघत होती. "भाऊ, हा बगा. राती सारवून निजले. दाराला आतनं कडी व्हती."

आरोनने पाहिलं.

ओल्या सारवणावर पावलं उमटली होती. अनवाणी, पुरुषाची. गुलाबी रंगाची. पायरीवरून वर, ओट्यावरून, उंबऱ्यापर्यंत... उंबऱ्याच्या आतही एक.

सगळी आत गेलेली.

बाहेर आलेलं एकही नव्हतं.