रॅनख मूरवरची मोजणी

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर त्यात स्वतःला एवढं वाईट दाखवलं नसतं.

मे २००६. स्कॉटलंड. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

मी, माझा नवरा गिरीश आणि त्याची मोठी बहीण सुनीतीताई, असे आम्ही तिघं वेस्ट हायलंड वे ही डोंगराळ पायवाट चालत होतो. शहाण्णव मैल, आठ दिवस. ताई कॉव्हेंट्रीच्या, आम्ही मँचेस्टरचे.

पाचव्या दिवशी रॅनख मूर लागला. मैलोनमैल ओसाड माळ, हिमनद्यांनी खरवडून ठेवलेला. काळा चिखल, डबकी, मध्येच घराएवढे धोंडे. लांबवर एक झाड नाही.

तिथेच ताई थांबल्या. वाटेकडेला दगडांचा ढीग रचलेला होता. त्यातला एक खडा त्यांनी उचलला.

"अगं देविका, तिघांनी निघायचं नसतं! माझ्या लक्षात कसं नाही आलं? हा आपला चौथा. ठेव तुझ्या बॅगेत."

"ताई, प्लीज! तुझं तीन तिगाडा कॉव्हेंट्रीतच ठेवून यायचं होतंस," गिरीश हसला.

मी हसले नाही. चार दिवस ताईंची बोलणी ऐकत होते. चहा असा करतात का, मोजे असे वाळत घालतात का. आता दगडही मीच वाहायचा!

पण ठेवला.

तो ढीग कुणा मेलेल्याच्या आठवणीसाठी रचलेला होता, हे मागाहून कळलं.

बारा वाजता धुकं उतरलं. चार पावलांवरचा गिरीश दिसेना.

त्यानेच युक्ती काढली. दर मिनिटाला आकडे म्हणायचे. पुढून तो, मधून मी, मागून ताई.

"एक!"

"दोन!"

"तीन!"

तासभर हे चाललं. मग मागून येणारी ताईंच्या चालायच्या काठ्यांची टकटक थांबली...

पण "तीन" येत होतं. अगदी वेळेवर.

दोन वाजता धुकं विरलं. गिरीश वळला आणि पांढराफटक पडला.

"ताई कुठाय?"

मागे मैलभर वाट दिसत होती... रिकामी.

"आत्ता तर म्हणाली ना तीन!"

तो वेड्यासारखा मागे पळत सुटला. फोनला सिग्नल नव्हता, म्हणून मी मदत आणायला पुढच्या हॉटेलकडे धावले.

ताई तीन मैल मागे सापडल्या. वाटेलगतच्या खड्ड्यात, अर्ध्या पाण्यात. पाय मोडलेला, ओठ निळे. माउंटन रेस्क्यूवाले म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर संपलं होतं.

त्या संध्याकाळी मी बॅग उपसली. कप्प्याची चेन बंद होती. आत खडा नव्हता.

तिसऱ्या दिवशी ताई हॉस्पिटलात नीट बोलल्या. गिरीश चहा आणायला गेला होता.

"देविका, पडले तेव्हा तुमचं एक-दोन मला ऐकू येत होतं गं. मी ओरडणार... तेवढ्यात कुणीतरी 'तीन' म्हणालं. माझ्याच आवाजात."

मी त्यांचं पांघरूण सारखं करू लागले.

"दर वेळी तेच. मी तोंड उघडायच्या आत 'तीन'. आणि तुम्ही लांब लांब जात राहिलात. खरं सांग, तुला जरासुद्धा काही वेगळं वाटलं नाही?"

"नाही हो ताई. हुबेहूब तुमचाच आवाज होता."

त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

आवाज हुबेहूब होता, हे खरंच आहे. पण मी छातीच्या विकारांची डॉक्टर. लोकांचे श्वास ऐकण्यातच माझा दिवस जातो. ताईंना थोडा दमा आहे. धुक्यात पहिल्यापासून प्रत्येक "तीन"च्या आधी त्यांची बारीक घरघर मला ऐकू यायची.

मग एकदा "तीन" आलं... आणि त्याला श्वासच नव्हता.

मला त्याच क्षणी कळलं होतं. तेव्हा ताई पन्नास पावलांवर असतील.

मी वळले नाही. पुढे तासभर "दोन" म्हणत राहिले.

गिरीशला हे अजून माहीत नाही. भीतीने वळले नाही, असं मी स्वतःला सांगते. भीती होतीच.

पण त्याआधी, क्षणभर, ती घरघर थांबली म्हणून मला बरं वाटलं होतं.